लाल औषधाचा कोर्स

"गाठी गेल्या की नाही? मग औषध कशाला बंद करताय?" परबकाका टेबलावर हात आपटत विचारत होते. टेबलावर बंड्या होता, त्यांचा लॅब्रडॉर. एवढा आवाज चढलाय तो आपल्या कौतुकासाठीच, असं समजून तो शेपटी हलवत होता.

मी बोरिवलीच्या एका क्लिनिकमध्ये जनावरांची डॉक्टर आहे. क्लिनिक सरांचं, पण कॅन्सरच्या केसेस मी बघायच्या असं आमचं ठरलेलं. बंड्याला लिम्फोमा होता. हा शरीरातल्या लसिका ग्रंथींचा कॅन्सर. जबड्याखाली, गुडघ्यांमागे लिंबाएवढ्या गाठी आल्या होत्या. त्यावर एक जालीम औषध आहे, रंगाने लालभडक. नाव लांबलचक असल्यामुळे आम्ही सगळे त्याला लाल औषधच म्हणतो. काही आठवड्यांच्या अंतराने, सलाइनमधून अगदी सावकाश द्यायचं. बंड्याच्या गाठी दुसऱ्याच डोसला विरघळल्या. परबकाकांनी त्या दिवशी सगळ्या स्टाफला बटाटेवडे खाऊ घातले.

या औषधाची खोड अशी, की ते कॅन्सरबरोबर हृदयालाही मारत असतं. म्हणून पहिला डोस झाला की पुढच्या दर डोसच्या आधी मी रक्तातलं ट्रोपोनिन तपासते. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं एक प्रोटीन. एरवी ते स्नायूच्या आत राहतं, रक्तात जवळजवळ सापडतच नाही. स्नायूला इजा झाली की ते बाहेर झिरपतं. माणसांना हार्ट अटॅक आलाय का, हे बघायलाही हीच टेस्ट करतात. हृदय बिघडल्याचं स्टेथोस्कोपला ऐकू येण्याआधी हा आकडा बऱ्याचदा चढतो. बंड्याचा चढला होता. मी दोन दिवसांनी पुन्हा रक्त काढलं, तर आणखी चढलेला.

"काका, गाठी गेल्यात, पण हृदयाला मार बसतोय. हे औषध आता बास. दुसरं देऊ, ते हृदयाला एवढा त्रास देत नाही."

"दुसऱ्याने गाठी लांब राहतील?"

"खात्री नाही देता येत."

"मग? हा बघा की, टकाटक आहे. धावतो, जेवतो. कुठे मार बसलाय?"

"अजून दिसत नाही. दिसायला लागेल तेव्हा उशीर झालेला असेल."

ते खुर्चीत बसले आणि एकदम वेगळ्याच विषयावर आले. "मॅडम, मला टीबी झालेला. मला आणि माझ्या भावाला, एकदमच. गोळ्यांनी नुसत्या उलट्या व्हायच्या, डोळे पिवळे. मी एक दिवस चुकवला नाही. भावाला बरं वाटायला लागलं आणि त्याने सोडल्या. गेला तो. औषध मध्येच सोडायचं नसतं, हे मला कोणी शिकवू नका."

"काका, हा टीबी नाही. इथे औषध जितकं जास्त, तितकं नुकसान जास्त. पुढचा डोस दिला तर हृदय बंद पडू शकतं."

त्यांनी मान डोलावली. मी समजले, पटलं.

दुसरं औषध सुरू केलं. ते काही लागू पडेना. जबड्याखाली पुन्हा गाठी हाताला लागायला लागल्या. एके दिवशी परबकाकांची वेळ ठरलेली होती, ते आलेच नाहीत. फोन केला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"दुसऱ्या डॉक्टरकडे गेला असेल," सर म्हणाले. "सोड ना. रोज जातात, रोज येतात."

पुढच्या महिन्यात एका दुपारी रिक्षा थेट क्लिनिकच्या दारात लागली. परबकाकांनी बंड्याला चादरीत गुंडाळून आणलं होतं. हिरड्या पांढऱ्या, पोट फुगलेलं, श्वास घेताना घशातून घरघर. ठोक्यांना ताल असा नव्हताच. मी ऑक्सिजन लावला, फुफ्फुसातलं पाणी उतरायचं इंजेक्शन दिलं. आमच्या मशीनवर ट्रोपोनिन लावलं. आकडा एवढा चढलेला, की मी तो सरांनाही दाखवला.

सवयीने माझा हात बंड्याच्या जबड्याखाली गेला. गाठ नव्हती. गुडघ्यामागेही नाही. मी शेवटचं तपासलं तेव्हा तिथे सुपारीएवढ्या गाठी होत्या. आमच्या दुसऱ्या औषधाने त्या जाणं शक्यच नव्हतं. मग मी पुढचे पाय बघितले. सलाइनसाठी केस कापून मी नेहमी डाव्या पायाची शीर घेते. उजव्यावरचे केस नुकतेच कापलेले होते.

"काका, लाल औषध कुठे दिलंत?"

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "गेल्या ना गाठी? मी सांगत होतो तुम्हाला."

"कुठे दिलंत?"

"मालाडला. दोन डोस."

"त्यांना आधीचे डोस सांगितलेत?"

"सांगितलं असतं तर त्यांनी दिलं असतं का?"

मी त्यांच्यावर ओरडले. वेटिंगमधली माणसं आत डोकावण्याइतकी ओरडले. सरांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. "आत्ता नको. तो जाणारेय, त्यांना बसू दे त्याच्याजवळ."

मालाडला लाल औषध देणारे डॉक्टर एकच, मी तशीच त्यांना फोन लावला, रागातच. ते शांतपणे म्हणाले, "मालक बोलले, आतापर्यंत फक्त गोळ्या दिल्यात. हृदय मी ऐकलं होतं, नॉर्मल वाटलं." त्यांनी ऐकलं तेव्हा ते नॉर्मल वाटलंच असणार. माझा राग काढायला कोणी उरलं नाही.

आत परबकाका जमिनीवर मांडी घालून बसले होते. बंड्याचं डोकं त्यांच्या मांडीवर. "ऊठ रे झिला," पोटच्या पोराला उठवावं तसं ते मालवणीत पुटपुटत होते, "गाठी गेल्यो मरे तुझ्यो." संध्याकाळी बंड्या गेला. मी त्याचा ऑक्सिजनचा मास्क काढला, मशीन बंद केलं.

काकांनी चादर नीट केली. मग मला विचारलं, "एकच डोस राहिला होता मॅडम. तो झाला असता तर वाचला असता ना?"

सर दारातून मला डोळ्यांनी नको म्हणत होते. मला कळत होतं, हो म्हटलं तर माणूस आज रात्री झोपेल. पण यांनी उद्या दुसरा कुत्रा आणला तर?

"नाही काका. औषधानेच गेला तो."

ते म्हणाले, "पण सोडून कसं द्यायचं?" आणि बंड्याला उचलायला वाकले. एकट्याने उचलेना, म्हणून मागचे पाय मी धरले.

आता कॅन्सरचा कुठलाही नवीन कुत्रा आला की लाल औषधाच्या पहिल्याच डोसच्या आधी मी ट्रोपोनिन करते. मालक म्हणतात, "याआधी असलं काहीच दिलेलं नाही." मी बरं म्हणते, पुढच्या पायांवरचे केस बघते आणि रक्त काढते.