मानाप्रमाणे लिमिट

आमच्या ऑफिसात फायली जागेवर कधी सापडत नाहीत, किस्से मात्र हात घालाल तिथे सापडतात. नाशिकला अंबडच्या आमच्या छोट्या कारखान्यात क्रेडिट कार्डं आली, आणि मग तर बघायलाच नको. मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं, त्या सुमाराची गोष्ट.

बँकेने कंपनीला सगळी कार्डं मिळून दोन लाखांचं लिमिट दिलं. कुठल्या कार्डावर किती, ते आमचं आम्ही ठरवायचं. ठरवल्यावरही एका कार्डाचं दुसऱ्याकडे वळवायला बँकेला एक फोन पुरे. तो फोन मी करायचा, पण नानांनी हो म्हटल्यावर.

नाना आमचे मालक, माझ्या वडिलांचे मित्र. लग्नात आहेर वाटावेत तशी त्यांनी वयाप्रमाणे वाटणी केली. स्वतःला एक लाख. स्टोअरचे भाऊसाहेब सर्वांत जुने, त्यांना पंचाहत्तर हजार. भाऊसाहेब देवळाली कॅम्पातून बसने येतात आणि बसने जातात, तिसरीकडे कुठे जात नाहीत. देशभर फिरणारा आमचा सेल्समन खैरनार, त्याला वीस. मला पाच.

"नाना, लिमिट कामाप्रमाणे द्यायचं असतं. मी एम.कॉम. आहे, अख्खं ऑफिस मी चालवते."

"तुझं लग्न झालं की वाढवू."

*

भाऊसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात कार्ड लॅमिनेट करून आणलं. पुढे एकदा टेम्पोत डिझेल भरायला मीच त्यांना पंपावर पाठवलं. पंपावरचा पोरगा म्हणाला, "आजोबा, एवढं जाड मशीनमध्ये सरकणार कसं?"

भाऊसाहेब खिशातली रोकड देऊन परत आले.

मी म्हटलं, "द्या, कात्रीने सोलते."

"हात लावू नको. कंपनीची वस्तू आहे."

*

डिसेंबरात नानांनी विचारलं, "माझ्या कार्डावर किती उरलंय?"

"चाळीस हजार."

"ते पुढच्या महिन्यात जमा होणार ना?"

मी समजावलं, लिमिट म्हणजे साठवलेले पैसे नव्हेत. बँक किती उधार देईल, त्याची ती वरची रेघ. बिल भरलं की तेवढी जागा पुन्हा मोकळी होते. साठत काहीच नाही.

नानांनी एवढंच ऐकलं, की साठत नाही. पानात वाढलेलं टाकायचं नाही, या संस्कारात वाढलेला माणूस. संध्याकाळी ऑफिसात सहा कूलर येऊन पडले. सगळं नाशिक स्वेटरात, आणि आमच्याकडे टेबलागणिक कूलर.

*

खैरनार सायखेड्याचा. एकदा कोइमतूरहून त्याचा फोन आला. "ताई, लय घोळ झाला. मी अजून च्यासुद्धा पेलो नाय, अन् कार्ड संपलं."

झालं होतं असं, की हॉटेलवाले खोली देताना कार्डावर डिपॉझिट अडकवून ठेवतात. खर्च झालेला नसतो, पण तेवढं लिमिट वापरता येत नाही. आधीच्या हॉटेलाने अडकवलेलं अजून सुटलं नव्हतं, तोवर नव्या हॉटेलाने उरलेलं अडकवलं.

मी नानांकडे धावले. "भाऊसाहेबांचे नुसते पडून आहेत. दहा हजार खैरनारकडे वळवते."

"भाऊसाहेबांना काय वाटेल?"

शेवटी तिथल्या कस्टमरलाच खैरनारची दया आली. त्यांनी त्याला घरी नेलं, चार दिवस जेवू घातलं आणि जाताना ऑर्डरही दिली.

नाना म्हणाले, "बघ. लिमिट कमी असल्याचा फायदा."

*

नानांचं आणखी एक तत्त्व होतं. कार्डाच्या बिलाचा चेक शेवटच्या दिवशीच टाकायचा. "लवकर दिले की बँकेला सवय लागते." चेक वटायला दोन-तीन दिवस लागतात आणि तोवर जागा मोकळी होत नाही, हे मी सांगायची. ते मान हलवायचे.

मग पुण्याहून एका मोठ्या कंपनीची माणसं आली. त्यांची ऑर्डर मिळाली तर दुसरी शिफ्ट सुरू होणार होती, म्हणजे पंधरा माणसं कामाला लागणार होती. नाना त्यांना हायवेवरच्या मोठ्या हॉटेलात जेवायला घेऊन गेले. खैरनार मद्रासला होता. मानाचे म्हणून भाऊसाहेब बरोबर. मी अर्थातच ऑफिसात.

तीनच्या सुमाराला नानांचा फोन आला. आवाज एकदम खाली. "पोरी, मशीन माझं कार्ड घेत नाही."

"नवे कॉम्प्युटर तुमच्याच कार्डावर घेतलेत, नाना. आणि चेक काल टाकलाय."

"अगं, पाहुणे बडीशेप खाऊन बसलेत. खिशात हजारभर आहेत. बिल अकरा हजार."

"भाऊसाहेबांचं कार्ड द्या."

"दिलं. मशीनमध्ये जात नाही. आणि कात्री लावू देत नाहीत."

"बरं."

"तुझ्या कार्डावर किती आहे?"

"पाच हजार. लग्न झालं की वाढणार आहे."

 मग नाना म्हणाले,

"झालं असं समज. बँकेला फोन कर, आणि रिक्षा करून ये."