एलाडिओनं न सोडलेली धाव

ला फ्लोरिदा साखर कारखान्यात एलाडिओ मोंतेरो फिटर होता आणि तिथल्या कामगारांच्या बेसबॉल संघाचा नवा कॅचर. बॅटरच्या मागं उकिडवं बसून चेंडू झेलायचा आणि धाव पुरी करायला होम प्लेटवर येणाऱ्याला चेंडू टेकवून बाद करायचं, हे त्याचं काम.

जानेवारीत आल्ताग्रासिया मातेच्या सणाला मॅनेजरसाहेबांचा संघ कामगारांशी खेळायचा. साहेबांचा मुलगा रेनाल्दो याला एक धाव फुकट द्यायची, असा रिवाज. मग सगळ्यांना रम मिळे.

मुकादम सिप्रियानो म्हणाला, "तो आला की जरा सरक. धाव त्याची, रम आपली."

"पाय आहेत त्याला. पळून घेऊ दे."

"उद्या हातात कोयता देतील तुझ्या."

"देऊ देत."

बायको नेरेइदा ऐकत होती. म्हणाली, "सरकलास तर घरी येऊ नकोस. नाही सरकलास तर रोज भात घेऊन उसाच्या फडापर्यंत मला चालायचंय. जोडे तेवढे आण."

सामन्यात रेनाल्दो बायकांना टोपी हलवत रमतगमत आला. एलाडिओ गुडघा टेकून प्लेटसमोर बसला होता. चेंडू हातमोज्यात.

"सरक."

"रस्ता इथूनच आहे, साहेब."

रेनाल्दो मागं गेला आणि खिळ्यांचे बूट पुढं करून अंगावर घसरला. एलाडिओची नडगी फाटली. चेंडू सुटला नाही. अंपायर मॅनेजरसाहेब बसले होते त्या मंडपाकडं बघू लागला.

"तिकडं काय बघतोस?" एलाडिओ म्हणाला. "चेंडू इथं आहे."

"बाद," अंपायर पुटपुटला.

त्या संध्याकाळी रम आली नाही. दुसऱ्या दिवशी एलाडिओ फडात. आठवडाभर ऊस तोडायचा, रविवारी उकिडवं बसायचं. संघातून काढायचा हुकूमही आला, पण पिचर तोरिबिओनं दुसऱ्या कुणाला चेंडू टाकायला नकार दिला. चेंडू लागून लागून एलाडिओच्या उजव्या हाताचं एकही बोट सरळ उरलं नाही. दुखतं का, असं विचारलं तर तो म्हणे, "दुखतं. मग?"

रेनाल्दो दरवर्षी आला, दरवर्षी बाद झाला. घरी सराव करतो, असं ऐकू यायचं. अखेर एका वर्षी तो जीव तोडून पळाला, खांद्यानं धडकला आणि एलाडिओच्या मोज्यातून चेंडू उडाला. धाव झाली.

रेनाल्दो धुळीत बसून हसला. "वडिलांना सांगतो. उद्यापासून पुन्हा फिटर हो."

"धाव तुम्ही कमावलीत," एलाडिओ म्हणाला. "तिचं बक्षीस मला कशाला? उठा, प्लेट मोकळी करा."

आणि पुढच्या बॅटरसाठी तो उकिडवा बसला.