पस्तीस म्हणजे पस्तीस

सिर्का हाउतामाकीनं एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. गुरुवारी वाटाण्याचं सूप, उरलेल्या दिवशी बटाटे. बेकिंग पेपरचा गावाला एकच उपयोग ठाऊक: भट्टीत पावाखाली घालायचा. हिनं त्यावर विमानं काढली. खालचं चित्र वर दिसतं, म्हणून पुढचं केसभर सरकवून गिरवता येतं. आठ वर्षांत अकरा हजार कागद झाले. एकेकाचा फोटो काढून तिनं पंधरा मिनिटांचा सिनेमा जोडला: १९३९च्या हिवाळ्यात रशिया आमच्या देशावर चालून आला, त्या हिवाळी युद्धातली एक सकाळ, आपले सहा वैमानिक, समोर रशियाची पस्तीस विमानं.

पस्तीस हा आकडा तिच्या आजीचा. तेव्हा सतरा वर्षांची ती पोर लाकडी मनोऱ्यावर, उणे तीसच्या थंडीत, येणारी विमानं मोजायची आणि हवाई तळावर फोननं कळवायची. त्या सकाळी बर्फानं तिच्या पायाची दोन बोटं नेली.

रविवारी गावच्या सभागृहात पहिला खेळ होता. सत्तर माणसं, कॉफी, वेलचीचे पाव. सहा विमानं ढगातून वर आली आणि समोरचं आभाळ काळंकुट्ट झालं. विमानंच विमानं.

"थांबव! रेइनो, थांबव ते!" सिर्का उभीच राहिली.

रेइनो विमानप्रेमी मंडळाचा अध्यक्ष, शाळेत तिच्याच वर्गातला. पडद्यावर नीट दिसतंय का ते बघायला तिनं आठवड्यापूर्वी सिनेमा त्याच्या हाती दिला होता.

"काय करून ठेवलंस हे?"

"थोडं भरलं गं. तुझीच विमानं, पुन्हा उमटवली. दोनशे केली. पस्तीस म्हणजे किरकोळ वाटतात. आपल्या पोरांचं शौर्य उठून दिसायला नको?"

"मीठ आहे का ते, चवीनुसार वाढवायला?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. रेइनोचे कान लाल झाले.

"लोकांसमोर तमाशा नको, सिर्का. बस. कॉफी घे."

"कॉफी गेली खड्ड्यात! आजीनं एक जरी जास्त सांगितलं असतं ना, मनोऱ्यावरून खाली उतरवलं असतं तिला. तिच्या आकड्यावर पोरं वर जायची, रेइनो! तिनं बोटं घालवून पस्तीस मोजली, आणि तू शेकोटीपुढे बसून दोनशे करतोस?"

"अगं, सिनेमाच आहे तो!"

"माझा आहे. मूळचा आण."

"घरी राहिलाय. जाऊन येऊन चाळीस मिनिटं लागतील, रस्ता घसरडा आहे."

"मग निघ. टोपी घाल."

रेइनोनं रांगांवरून नजर फिरवली. दारापाशी बसलेल्यांनी पाय आत घेऊन त्याला वाट करून दिली. गेला. लोकांनी पुन्हा कॉफी भरून घेतली. वाट बघताना बोललंच पाहिजे असं आमच्याकडे कोणाला वाटत नाही. सिर्काही बसली, कोट न काढता, कपाला हात न लावता. चाळीस मिनिटांत तिचा राग तसूभरही निवला नाही.

मूळ सिनेमा लागला. आभाळ आता बरंच मोकळं दिसत होतं. मागून म्हातारा आर्वो पुटपुटला, "हात्तिच्या! एवढीच?"

सिर्कानं गर्रकन मान वळवली. "सहा जणांत वाटून बघ, मग बोल."

आर्वो बोटांवर हिशेब करेपर्यंत पडद्यावर आपल्या सहा विमानांची पाच झाली होती.