भज्यातली मूठभर कणीक

आळेफाट्यावरच्या एका हॉटेलवाल्यानं माझ्या मुलीला फसवलं. भज्यात गहू आहे का, असं तिनं सरळ विचारलं. त्यानं नाही म्हणून सांगितलं आणि गहू खाऊ घातला. हॉटेलचं नाव मी लिहिलं होतं, पण संपादकांनी खोडायला लावलं. बाकी सगळं घडलं तसं लिहितो आहे. या प्रवासात भली माणसं फार भेटली, त्यांचे उपकार या एका माणसाच्या रागात वाहून जाऊ नयेत, एवढी काळजी घेतो.

माझी मुलगी वैशाली लहानपणापासून पोटदुखीनं हैराण होती. कोणी जंत म्हणालं, कोणी नजर. पुण्याच्या डॉक्टरांनी शेवटी आजाराचं नाव सांगितलं, सिलिॲक. गव्हात आणि जवात ग्लुटेन नावाचा जो चिकट अंश असतो, तो तिच्या आतड्याला सोसत नाही. औषध नाही, पथ्य जन्माचं. ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी चालतात. गव्हाची चिमूटही चालत नाही. जुनी ऑईल इंजिनं घेऊन विकण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे मी डॉक्टरांशीही घासाघीस केली. म्हटलं, होळीला एक पुरणपोळी? ते म्हणाले, यात भाव एकच.

दोन हजार पाच सालच्या पावसाळ्याअखेरीस वैशालीला शिक्षणसेवक म्हणून नेमणूक मिळाली. शाळा आंबेगाव तालुक्यात, महाळुंगे पडवळजवळ. आमची बार्शी कुठं आणि ते गाव कुठं. मी सांगून टाकलं, सोबत येणार, तिकडचं खाणं बघणार आणि जमत नसलं तर नेमणुकीचा कागद फाडून तुला परत आणणार. नोकरीसाठी तिनं रात्रंदिवस अभ्यास केला होता. ती शांतपणे म्हणाली, "या बाबा. पण हॉटेलात विचारायचं मी. तुम्ही गप्प बसायचं."

"का?"

"तुम्ही विचारलं की माणसं घाबरून काहीही सांगतात."

बार्शीहून एसटीनं नगर आणि नगरहून आळेफाटा. घरून आणलेली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नगरलाच संपली. आळेफाटा म्हणजे चारी दिशांचे रस्ते एकमेकांवर आदळतात ती जागा. ट्रकांची रांग, गॅरेजवाल्यांची ठोकठोक, नाशिकच्या गाडीसाठी पळणारी माणसं आणि सगळ्यांच्या नाकात तळणाचा वास. एका हॉटेलवर लाल अक्षरांत 'फास्ट फूड' लिहिलेलं आणि खाली 'शुद्ध बेसनाची भजी'. पोटात भूक, समोर शुद्ध बेसन. वैशालीनं गल्ल्यावरच्या मालकाला विचारलं, "दादा, मला गहू चालत नाही, आजारी पडते. भज्यात कणीक, मैदा, रवा काही घालता का?"

"नाय ताई. बोर्ड वाचला नाय का? निस्तं बेसन."

"आणि तेल? समोसे त्याच तेलात तळता?"

"समोसा आज केलाच नाय. बिनघोर खावा."

खरंच समोसे दिसत नव्हते. मी ठरल्याप्रमाणे गप्प बसलो, फक्त भजी जरा जास्त घालायला लावली. माणूस हसत हसत घालत होता. भजी टम्म फुगलेली, कुरकुरीत. तेवढी फुगलेली कांदाभजी मी आमच्याकडे पाहिली नव्हती, आणि तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तिथून निमगाव सावाला जाणारी वडाप (भरल्याशिवाय न सुटणारी जीप) भरायला फार वेळ लागला. वाटेत बाजरीची शेतं कणसांनी वाकलेली, मधूनच उसाचा हिरवा पट्टा, कांद्याची रोपं लावणाऱ्या बायकांच्या ओळी. मी हे सगळं वैशालीला दाखवत होतो, पण ती बघत नव्हती. पोट धरून वाकली होती. निमगावला उतरता उतरता तिला उलट्या सुरू झाल्या.

निमगावात भाऊसाहेब राहतात, मुक्काम त्यांच्याकडं ठरला होता. माझं एक इंजिन त्यांनी फार वर्षांपूर्वी दिवसभर हुज्जत घालून घेतलं आणि त्या हुज्जतीतून आमचा घरोबा झाला. मुलीची अवस्था बघून त्यांनी तिला आत नेलं. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे कौशल्यावहिनींनी, तांदळाची पेज करून चमच्या-चमच्यानं पाजली. मी अंगणात हॉटेलवाल्याच्या सात पिढ्या काढत होतो. भाऊसाहेब म्हणाले, "राव, तुमच्या तोंडापरीस तुमचं इंजिन कमी आवाज करतं. पोरीला झोपू द्या."

मी त्यांना म्हटलं, उद्या आम्ही बार्शीला परत. पहिल्याच थांब्याला हे, तर पुढं काय? आतून वैशालीचा आवाज आला, "मी जाणार नाही."

दोन दिवस पेजेवर काढल्यावर तिला भूक लागली. वहिनींना गव्हाचं सांगून ठेवलं होतंच. त्यांनी बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि मासवडी (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी, रश्शात बुडवून खातात) असं ताट वाढलं. मासवडीला निव्वळ हरभऱ्याचं पीठ, तेही घरचं. मी तर तीवर तुटूनच पडलो. वैशालीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि हात थांबवला. पुन्हा दुसऱ्या बाजूनं मोडून पाहिला.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "बाजरीची भाकरी मोडते. ही ताणली जातेय."

माझं डोकं भडकलं. वहिनींचं तोंड मात्र उतरलं. त्या म्हणाल्या, "मूठभर कणीक टाकली व्हती गं. पावण्यांला निस्ती भाकर कशी वाढायची? आमच्यात पावणं आलं की चपाती करत्यात. ती नको म्हनलीस, मंग म्हटलं भाकर तरी मऊ व्हावी. एवढ्यानं काय व्हतंय, असं वाटलं."

मी बोलायला तोंड उघडलं. वैशालीनं माझ्याकडं फक्त पाहिलं. मग ती वहिनींना म्हणाली, "तुम्ही मानानंच केलंत. पण माझा मान बिनगव्हाच्या भाकरीत आहे."

"मंग तसा ठेवू," वहिनी म्हणाल्या. मळलेलं पीठ म्हशीपुढं गेलं. परात राखेनं घासली, तवा घासला, पोळपाट धुतला. नवीन भाकऱ्या थापताना त्या तिला जवळ बसवून विचारत राहिल्या: परातीला लागलेलं चालतं का, चपातीच्या फडक्यात भाकरी ठेवली तर? हिंगाचं वैशालीनंच सांगितलं, डबीतल्या हिंगात बहुधा पीठ मिसळलेलं असतं. वहिनी म्हणाल्या, "अगं बया, मग फोडणीला लसूणच बरा." ती भाकरी वैशालीनं पोटभर खाल्ली आणि तिला काही झालं नाही. निघताना मी वहिनींच्या पाया पडलो. वयानं त्या माझ्याहून लहान आहेत, त्या लाजून मागं सरल्या. भाऊसाहेब म्हणाले, "आता इंजिनाचे थोडे पैसे परत करा, म्हंजी फिटलं."

नारायणगावच्या स्टँडवर गाडीला उशीर होता. एका हातगाडीवर अंडा-आम्लेट चाललं होतं. वैशालीनं तोच प्रश्न विचारला. गाडीवाला म्हणाला, "ताई, माझ्या आम्लेटात गहू नाय. पण पाव याच तव्यावर भाजतो, बघा ना चुरा." मग त्यानं झाकण उचलून उकडलेली अंडी दाखवली. "ही खावा. टरफलाच्या आत कोन पाव घालतंय?"

आम्लेट विकलं असतं तर त्याचा फायदा जास्त होता. मी आयुष्यभर गिऱ्हाईक सांभाळलं आहे, त्यामुळे असं बोलायला काय लागतं ते मला कळतं. सुरी त्यानं वैशालीसाठी धुऊन घेतली. रस्त्यावर खाल्लेल्या इतक्या चवदार अंड्यांची मला आठवण नाही. मीठ आणि तिखट, बस.

कळंबला उतरून महाळुंगे पडवळला पोचलो. गाव शेतीचं, माणसं कामात. खोली चांगली मिळाली, शाळा पाहिली, वैशालीचा चेहरा खुलला. माझं लक्ष मात्र गिरणीकडं. गिरणीत एकाच दगडावर गहू आणि बाजरी दळली, तर घरात कितीही जपून उपयोग नाही. गिरणी शांताकाकू चालवत होत्या, पिठानं भुवया पांढऱ्या झालेल्या. मी घासाघीस सुरू केली: मुलीचं दळण वेगळं, दगड झाडून, आधी तांदूळ फिरवून.

"पावणं, दम खावा," काकू म्हणाल्या. "बाजरीची चक्की आमची अलग हाय. गव्हात बाजरी गेली की पीठ काळं पडतं, बाया माझ्या नावानं शिमगा करत्यात. गव्हाच्या मानासाठी केलंय ते, तुमच्या पोरीलाबी कामाला आलं."

"तरी झाडून घ्याल ना?"

"घीन. तांदूळ फिरवीन. पण माझीबी एक अट हाय."

मी सावध झालो. म्हटलं, "बोला."

"पोरगी एकटी यील. तुमी यायचं नाय. आल्यापासून ओरडताय, माझी गिऱ्हाइकं पळून जात्याल."

वैशाली इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. एवढ्या वर्षांत माझ्यावर अशी अट कोणी घातली नव्हती. मी ती मान्य केली. तिथंच मला कळून चुकलं की मी एकटाच परत जाणार आहे. ज्या गावात जेवणाचं बघायला आलो होतो, त्या गावानं माझ्यासकट सगळ्याचा बंदोबस्त केला होता.

परतीला आळेफाट्यावर उतरलो. आता गप्प बसायची अट माझ्यावर नव्हती. मालकानं मला ओळखलं. मी गल्ला ओलांडून सरळ मागं भटारखान्यात गेलो. आचारी पिशवीतली मूठभर कणीक बेसनाच्या घमेल्यात टाकत होता. मी पिशवी उचलून बाहेर आणली आणि गल्ल्यावर ठेवली.

मालक म्हणाला, "मग काय झालं, भाऊ? कणीक घातली की भजी फुगतात. समदेच घालतात. इख घातलं का मी? गहूच हाय ना?"

"माझी पोरगी दोन दिवस अंथरुणावर होती."

"मला काय म्हाईत एवढं मनावर घ्यायचं व्हतं."

मला त्याला मारावंसं वाटलं, हे लिहायला लाज वाटत नाही. मारलं नाही. पिशवी तिथंच सोडून नगरच्या गाडीत बसलो आणि बार्शीपर्यंत त्याच्याशी मनातल्या मनात भांडत राहिलो.

कौशल्यावहिनींनीही मूठभर कणीकच घातली होती. त्याच पिठाची, तेवढीच मूठ. पण विचारल्याबरोबर त्यांनी खरं सांगितलं. नारायणगावच्या गाडीवाल्याकडं तर गहू सगळीकडं सांडलेला होता, त्यानं तव्याचं विचारायच्या आधीच बोट ठेवून दाखवला. यांच्या जिवावर मी माझी पोर तिथं ठेवून आलो आहे आणि यांचं देणं माझ्याच्यानं फिटणार नाही.

आणि तुला, आळेफाटेवाल्या, हे वाचशील तर सांगतो. मला तुझं शुद्ध बेसन नको. भज्यात तुला हवं ते घाल. पण सुट्टीला घरी येताना माझी मुलगी आळेफाट्यावरच गाडी बदलते. प्रवासात तिला भूक लागते. तिचा स्वभाव तसा आहे, ती तुला पुन्हा दादा म्हणेल आणि पुन्हा तेच विचारेल. तेव्हा मी शेजारी नसेन. तिला काय सांगणार आहेस, ते मला आत्ता सांग.