झिपऱ्या, डोळेवाली आणि रत्नाबाई

म्हाळुंग्याच्या गावठाणात कुणाचं लग्न जमायचं असलं, की बोलणी आधी रत्नाबाईंच्या कानावर जायची. कुठल्या घरात सासू जड आहे, कुठला पोरगा संध्याकाळी कुणाच्यात बसतो, कुठली मुलगी मुकाट्यानं नांदेल आणि कुठली नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. लग्नाबद्दल त्यांचं मतही सरळ होतं. "पोरगं निर्व्यसनी असावं, घरात पाणी असावं, आन् पोरीला माहेर जवळ असावं. बाकी पिरेम-बिरेम आपोआप व्हतंय. न्हाई झालं, तरी पोरं व्हत्यातच."

त्यांचं स्वतःचं लग्न असंच झालेलं. हैबतरावांना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते अंतरपाट खाली आल्यावर, आणि तेही नीट नाही, मध्ये मुंडावळ्या होत्या. पुढं भाताच्या खाचरांवर टॉवर उभे राहिले, हैबतरावांनी उरलेल्या तुकड्यावर 'हैबत हाइट्स' नावाची चार मजली इमारत बांधली आणि वरच्या खोल्या आयटीतल्या मुलींना भाड्यानं दिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. रत्नाबाईंचं नाव 'ऐकलं का' असं होतं, आणि बहुतेक वेळा त्यांना ऐकू आलेलं असायचं.

तिसऱ्या मजल्यावर परभणीची क्षितिजा राहायची. फोनमध्ये बघत ऑफिसचा जिना उतरताना ती घसरली आणि पायाला प्लास्टर घालून खोलीत पडून राहिली. रत्नाबाई तिला भाकरी-कालवण घेऊन वर जाऊ लागल्या. एका दुपारी मुलगी औषधाच्या गुंगीत झोपलेली होती. उशाशी चित्रांची पुस्तकं पडलेली. रत्नाबाईंनी एक उचललं. अक्षरं इंग्रजी, म्हणजे त्यांच्या उपयोगाची नव्हती, पण चित्रं कळत होती. डोळ्यांवर केस आलेला एक पोरगा आणि तोंडभर डोळे असलेली एक पोरगी. पहिल्याच पानावर दोघं हातात हात घालून उभी, वरून फुलं पडतायत. मग हळूहळू हात सुटले. मग ती एकमेकांकडे बघून लाजू लागली, मग नुसतीच बघू लागली, मग बघेनाशी झाली. शेवटी पोरगी एकटीच शाळेत चालली होती आणि पोराचा पत्ता नव्हता.

क्षितिजा जागी झाली तेव्हा रत्नाबाई गंभीर बसल्या होत्या.

"पोरी, हे पुस्तक ज्यानं लिवलं त्याचं लगीन झालेलं दिसतंय. अगदी खरं लिवलंय."

क्षितिजा हसून हसून प्लास्टरसकट हलली. "काकू, तुम्ही उलटं वाचलंत! हे जपानी आहे, मांगा म्हणतात याला. मागून पुढे वाचायचं. आधी ओळख नसते, शेवटी प्रेम जमतं."

"आन् मंग?"

"मग काय? संपतं."

"जमलं की संपतं?" रत्नाबाईंना हे काही पटेना. त्यांच्या हिशेबानं जमल्यावर तर सुरू होत होतं. पण क्षितिजानं गोष्ट सरळ बाजूनं वाचून दाखवायला घेतली, आणि तिसऱ्या प्रहरी चहा ठेवायला खाली जायचंय हे रत्नाबाई विसरल्या.

त्या दिवसापासून त्यांना नादच लागला. पोराचं नाव त्यांनी झिपऱ्या ठेवलं, पोरीचं डोळेवाली. जपानी नावं त्यांच्या तोंडात बसत नव्हती. ऐकता ऐकता त्यांची उलटतपासणी चालूच असायची.

"ह्यांचे आईबाप कुटं हायेत?"

"परदेशात नोकरीला, काकू. बहुतेक गोष्टींत असंच असतं."

"दोघांचे बी? मंग ह्या लेकरांना जेवाया कोन घालतं?"

डोळेवाली दर चार पानांनी धडपडायची आणि झिपऱ्या तिला झेलायचा. "हिला कुनीतरी मापाची चप्पल घेऊन द्या," रत्नाबाई म्हणायच्या. झिपऱ्या तिला 'मूर्ख' म्हणायचा, तिच्या डब्यातला घास पळवायचा, मनगट धरून ओढत न्यायचा, आणि ती गुलाबी व्हायची. "आमच्या हितं कुनी आसं केलं, तर पोरीचा भाऊ येऊन हाडं मोजंल."

"तो वरून तसा आहे, काकू. आतून फार चांगलाय."

"आमच्या सासूबाई बी ह्यांच्याबद्दल हेच म्हनायच्या. आतून लई चांगला हाय. मी तवापासून आत शिरायची वाट हुडकतीया."

तेवढ्यात क्षितिजाच्या बाबांचा फोन आला. हिंजवडीतलं स्थळ होतं. क्षितिजा फोनवर म्हणाली, "नको बाबा, पॅकेज कमी आहे. आणि फ्लॅट भाड्याचा. बावधनला स्वतःचा असता तर विचार केला असता." फोन ठेवून तिनं पुस्तक उघडलं आणि झिपऱ्या छत्री देऊन स्वतः भिजत गेला त्या पानावर डोळे पुसले.

"ह्या झिपऱ्याचं पॅकेज किती?" रत्नाबाईंनी विचारलं.

"काकू! अकरावीत आहे तो."

एवढं हसून झाल्यावरही एक गोष्ट रत्नाबाईंच्या मनात रुतून बसली. डोळेवालीला ताप आला तेव्हा झिपऱ्यानं तिच्या कपाळाला हात लावला होता आणि स्वतःच्या हातानं तांदळाची पेज करून पाजली होती. रत्नाबाईंनी ते पान दोनदा बघितलं. मग एका सकाळी, भर मे महिन्यात, गोधडी पांघरून त्या पडून राहिल्या.

हैबतराव दारात आले. "काय झालं?"

"कनकन वाटतीया."

"मंग डॉक्टरकडं जा की. आपला शेखर गाडी काढंल." कपाळ दारापासून लांब होतं, हात तिथवर पोचला नाही. वळता वळता त्यांनी विचारलं, "जेवायचं काय मंग?"

तासाभरानं ते चौकातून वडापावचं पार्सल घेऊन आले. खाटेच्या कडेला बसून एक खाल्ला, दुसरा उचलला आणि जरा विचार केला. "तुला तापात तेलकट चालायचं न्हाई," असं काळजीनं म्हणून तोही खाल्ला.

रत्नाबाईंनी गोधडी झटकून घडी घातली. नवरा सुधारण्यापलीकडे गेलेला होता. पण मुलगा अजून हाताशी होता.

शेखर त्यांचा एकुलता एक. सोसायट्यांना पाणी पुरवणारे टँकर चालवायचा, कामाला वाघ, बोलायला बरा. त्याच्यासाठी पौडकडची रेश्मा सांगून आली होती. मुलगी जनावरांची डॉक्टर, वडील विठ्ठलराव तालेवार माणूस, घर निर्व्यसनी, पाणी बारमाही. पूर्वीच्या रत्नाबाईंनी तिथल्या तिथं सुपारी फोडली असती. आताच्या रत्नाबाईंना ते फार कोरडं वाटू लागलं. नुसतं पोहे खाऊन माणसं जन्माची बांधायची म्हणजे काय? त्यांनी शेखरला बाजूला घेऊन शिकवलं.

"जास्त बोलू नगंस. लांब कुटंतरी बघायचं. काय इचारलं तर नुसतं 'हं' म्हनायचं. पोरींना आसलं आवडतं."

"कुनी सांगितलं तुला?"

"मला म्हाईत हाय. आन् केस जरा कपाळावर घे."

शेखरनं आरशात बघितलं. कपाळावर घेण्याजोगं काही उरलं असतं, तर त्यानं जरूर घेतलं असतं.

रविवारी दुपारी पाहुणे आले. विठ्ठलराव, त्यांच्या मंडळी हेमलताबाई आणि रेश्मा. पोहे झाले, चहा झाला. मग रत्नाबाई म्हणाल्या, "पोरांना जरा वर गच्चीवर बोलू द्या. मोकळी हवा हाय." हवा मोकळी होती हे खरं, पण तिच्यात ऊनही होतं. विठ्ठलराव 'कशाला' म्हणेपर्यंत दोघं जिना चढू लागली होती.

रत्नाबाई पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्तानं मागोमाग गेल्या. झिपऱ्या आणि डोळेवाली शाळेच्या सामानाच्या खोलीत कोंडली गेली होती, तेव्हाच त्यांना एकमेकांचं मन कळलं होतं. रत्नाबाईंनी तांब्या आत ठेवला, दार ओढलं, जिन्याच्या बाजूनं कडी घातली आणि पदरानं घाम टिपत खाली येऊन बसल्या.

खाली भाताच्या बियाण्याच्या गप्पा झाल्या, रिंगरोडच्या झाल्या. हेमलताबाई जिन्याकडे बघू लागल्या. "लई वेळ झाला न्हाई का?"

"जमतंय म्हनायचं," रत्नाबाई खुशीत म्हणाल्या.

तेवढ्यात विठ्ठलरावांच्या खिशात फोन वाजला. रेश्माचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला. "बाबा, दार कुणीतरी बंद केलंय. उघडा लवकर, इथं भाजून निघालोय आम्ही!"

सगळी वर धावली. दार उघडलं तेव्हा रेश्मा टाकीच्या बोटभर सावलीत अंग चोरून उभी होती, चेहरा तांबडालाल, पण तो लाजून नव्हे. तांब्या रिकामा होता. शेखरनं टाकीच्या पाण्यात स्वतःचा शर्ट भिजवून तिला डोक्यावर घ्यायला दिला होता आणि आपण बनियनवर उभा होता. विठ्ठलरावांनी आधी त्या बनियनकडे बघितलं, मग मुलीच्या डोक्यावरच्या शर्टाकडे.

"हा काय परकार हाय? कडी कुनी घातली?"

उभ्या गावाला गप्प करणाऱ्या रत्नाबाई रिकामा तांब्या उचलायला वाकल्या. त्यांना एकाएकी सगळं स्वच्छ दिसलं. परक्याची पोर, भर दुपार, बंद दार. त्यांनीच असं काही दुसऱ्या घरात ऐकलं असतं, तर ते घर आपल्या यादीतून कायमचं उडवलं असतं.

"मी घातली," हैबतराव म्हणाले.

"तुमी? कशापायी?"

"दार आपटत व्हतं वाऱ्यानं."

दोरीवरचा टॉवेलसुद्धा हलत नव्हता. "वारं कुटं हाय?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"आता न्हाई. मगाशी व्हतं."

मग विठ्ठलरावांनी त्यांना जे सुनावलं ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं. अक्कल, वय, घराणं, काही म्हणून राहिलं नाही. सरपंचाचाही शब्द ऐकून न घेणारे हैबतराव मान खाली घालून ऐकत राहिले. पाहुणे गाडीत बसून गेले तेव्हाच त्यांनी मान वर केली.

"डोकं ठिकानावर हाय का तुझं? मी बघितलं तुला वर जाताना."

"मंग अंगावर का घेतलं?"

"मी बोललो तर ते घरातलं हाय. भायेरच्यानं तुला का बोलावं?" आणि लगेच, "च्या टाक जरा. घसा कोरडा पडला बोलनी खाऊन."

रत्नाबाई स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याला धरून उभ्या राहिल्या. छातीत धडधडत होतं. जिना भरभर चढल्यानं असेल असं वाटलं, पण जिना चढून बराच वेळ झाला होता. त्यांनी दाराआडून हळूच बघितलं. वरून फुलं पडत नव्हती. हैबतराव खुर्चीत बसून फुटपट्टीनं पाठ खाजवत होते.

दुसऱ्या दिवशी हे सगळं ऐकून क्षितिजाचे डोळे भरून आले. "काकू, हेच तर कन्फेशन! प्रेमाची कबुली!"

"गप बस. त्यांनी च्या माघारी धाडला, साखर कमी म्हनून."

पण सांगताना त्या गुलाबी झाल्या होत्या, असं क्षितिजानं नंतर खोलीतल्या मैत्रिणीला सांगितलं.

स्थळ अर्थातच मोडलं. पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. पत्रिका कुणी कुणाला दिलेलीच नव्हती, पण ते विचारायची सोय राहिली नव्हती. शेखर टँकर घेऊन निघून गेला. रत्नाबाईंनी गावातल्या सोयरिकींत तोंड घालणं काही दिवस बंद केलं. पुन्हा सुरू केलं तेव्हा कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात त्या मध्येच मुलीला विचारू लागल्या, "तुला सोताला काय वाटतंय गं?" मुली गोंधळायच्या, आया घाबरायच्या. म्हातारीचं काहीतरी बिनसलंय, असं गावात ठरलं.

आणि मग एक दिवस रेश्माचा फोन आला, सरळ शेखरला. गच्चीवर पहिली दहा-पंधरा मिनिटं तो 'हं' करत लांबवर दिसणाऱ्या स्टेडियमकडे बघत राहिला होता म्हणे. रेश्मानं 'तुम्हाला बोलता येतं का?' असं विचारल्यावर आणि दार उघडत नाही हे कळल्यावर मात्र त्याचा बांध फुटला होता. टाकीचा वॉल, पाइपची गळती, खालचा रिकामा गाळा, सगळं त्यानं सांगून टाकलं होतं. रेश्माला दवाखान्यासाठी अशीच जागा हवी होती, जिथं पाणी जात नाही आणि आसपास कुत्री पाळणारी माणसं आहेत. विठ्ठलरावांनी आदळआपट केली. ती म्हणाली, जागा भाड्यानं घेतेय, नवरा नाही.

हैबत हाइट्सच्या तळमजल्यावर आता तिची पाटी आहे. टॉवरमधली माणसं गलेलठ्ठ कुत्री घेऊन येतात. एकटीला आवरत नसली की ती शेखरला हाक मारते.

परवा असाच मोठा आरडाओरडा ऐकू आला म्हणून रत्नाबाई खिडकीशी गेल्या. "अहो नीट धरा! मान धरा, मान!" रेश्मा ओरडत होती. "धरलीय की!" शेखर ओरडत होता.

"काय चाललंय खाली?" आतून हैबतरावांनी विचारलं.

"सुई टोचतीया. शेखरनं मान धरलीय."

"कुनाची?"

रत्नाबाईंनी जरा वाकून नीट बघितलं. "कुत्र्याचीच," त्या म्हणाल्या. "अजून तरी."