सात ताऱ्यांची कढई

हळद शिजायला लागली की वसमत तालुका घमघमतो म्हणे. मला मात्र त्या वासानं उमासे येतात. घरच्यांना वाटतं पित्त आहे. पित्त कसलं, पाप आहे ते. आणि मी ते भर दिवसा, चारचौघांत, फुकटच्या चहावर केलेलं आहे.

नव्वदच्या दशकात शहरातून एक विद्वान आले. नक्षत्रांना नावं कशावरून पडली हे गावोगाव विचारत ते हिंडत होते. हट्टा गावच्या बाजारात कुणीतरी त्यांना माझ्याकडे धाडलं. माझ्या बोलण्यानं भाकड म्हशी पान्हवतात, अशी माझी ख्याती होती. पसरवली मीच होती, पण होती.

मी त्यांना लमाणांच्या तांड्यावर नेलं. तिथली एक म्हातारी खरी जाणती. तिचा आजा बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख तुडवायचा. सप्तर्षींचे चार तारे म्हणजे बाजेचे, खाटेचे, चार खूर, मागचे तीन म्हणजे बाज पळवणारे चोर, असं त्यानं तिला शिकवलेलं. बाज किती कलली ते बघून तो रात्र किती उरली ते ओळखायचा आणि बैल लादायला उठायचा. एवढं सांगून म्हातारीनं पदर सावरला.

"माझ्या आज्याचं लिव्हलं का, बाबा?"

विद्वानांनी वही मिटली. ही बाज तर सगळीकडंच मिळते, म्हणाले, काही नवीन असेल तर सांगा.

नवीन म्हटल्यावर माझी जीभ वळवळली. पलीकडच्या शेतात हळद शिजत होती. मी ठोकून दिलं: आमच्याकडं ती बाज न्हाईच, कढई हाय. चार ताऱ्यांची कढई, तीन ताऱ्यांचा धूर. देवाच्या पोरीच्या लग्नाची हळद शिजाया घातली, जाळ काही विझंना, वऱ्हाडी बसून बसून दगड झाले. चाळीस पिढ्यांपासून आमी हेच सांगून राहिलो. विद्वान घाम पुसत लिहीत होते. म्हातारी नुसती माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, तिलाही गंमत वाटतेय. थू माझ्या अकलेवर.

काही वर्षांनी पुस्तिका छापून आली. कढई चित्रासकट, 'अतिप्राचीन लोकपरंपरा' म्हणून. बाज नाही, आजा नाही. ती पुस्तिका शाळेत गेली, आणि म्हातारीच्या पणतीनं घरी येऊन सांगितलं की तुझी बाज चुकीची आहे.

म्हातारीनं मला बोलावून घेतलं. "तूच घातली ना ती कढई वर? मंग तूच उतरव."

दुसऱ्याच दिवशी मी शाळेत गेलो. गुरुजींना सांगितलं, ही थाप माझी आहे. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होतो.

गुरुजी पोट धरून हसले. "तुमी कवा खरं बोलता? हीच थाप असंल. ते तर छापलंय."

पुढच्या हळदीच्या हंगामात, दिवेलागणीनंतर, मी तांड्यावर गेलो. म्हातारी अंगणात पणतीला घेऊन बसली होती. पोरगी बोटानं दाखवत होती, म्हातारी डोळे बारीक करून बघत होती.

"व्हय बाबा," ती मला म्हणाली, "कढईच हाय. धूर बी दिसून राहिला."

मी वर पाहिलं. मलाही बाज दिसेना. शेतातून तो वास आला, आणि मी कुंपणाशी जाऊन भडाभडा ओकलो.