सुदामा नगरात घेतलेली एक चाचणी

इंदूर स्टेशनच्या बाहेर आल्यावर पहिल्यांदा नजरेत भरते ती जमीन. ती चक्क दिसते. पुण्याहून गेलेल्या माणसाला हे कबूल करणं जड जातं, म्हणून मी मुद्दाम दोन-चार कोपऱ्यांत कचरा शोधला. मिळाला नाही. माझ्या हातात केळ्याचं साल होतं आणि ते मी पेटीतच टाकते आहे ना, याकडे एक रिक्षावाला डोळ्यांत तेल घालून बघत होता. माझा पारा तसाही चढलेलाच होता, कारण मला न्यायला येणारा माणूस कुठे दिसत नव्हता.

तो माणूस म्हणजे तुषार. पुण्यातल्या एका खासगी रग्बी संघात मी यंदाच फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले आहे. रग्बी खेळून पोट भरणारे लोक आपल्याकडे आहेत, हे तोवर मला माहीतही नव्हतं. तुषार त्यांच्यातला जुना आणि नावाजलेला. पंधरा जणांच्या रग्बी युनियनमध्ये तो फ्लँकर, म्हणजे चेंडू घेऊन धावत येणाऱ्याला आडवा पाडणं हे त्याचं मुख्य काम. श्रीलंकेतल्या एका क्लबाकडूनही तो खेळून आला होता. यंदाचा करार होण्याआधी प्रत्येकाच्या स्मरणशक्तीची आणि तोलाची चाचणी करायची असते. बाकीच्यांची पुण्यात झाली. तुषारने आई आजारी असल्याचं कळवलं आणि तो आलाच नाही. करार अडकला, म्हणून मला इंदूरला पाठवलं.

फोन केला तर म्हणाला, "ताई, मी तर कधीचा खडा आहे इथे. तुम्हीच दिसत नाही."

तो स्टेशनच्या मागच्या दाराशी उभा होता. मुख्य दाराशी भेटायचं हे त्यानेच ठरवलं होतं. मी बॅग ओढत तिथवर गेले आणि चार शब्द सुनावायची तयारी करूनच गेले, पण दाराएवढ्या रुंद खांद्यांचा तो माणूस इतका ओशाळून हसला की राग तिथेच विरला.

तुषारचं घर सुदामा नगरात आहे. शहराच्या पश्चिमेची ही भलीमोठी वसाहत. एकसारखे रस्ते, एकसारखी फाटकं, गच्चीवर थंडीच्या उन्हात वाळत घातलेले पापड. दार त्याच्या आईने उघडलं. मी काळजीच्या सुरात तब्येत विचारली तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"मला काय होणार, बेटा? एकदम मस्त आहे मी. कोण म्हणालं?"

तुषार बुटांच्या नाड्या सोडत होता. त्याने मान वर केली नाही.

दुपारी दाल-बाफले होते (बाफले म्हणजे कणकेचे आधी उकडलेले, मग भाजलेले आणि शेवटी तुपात बुडवलेले गोळे). दोन खाल्ल्यावर मी हात टेकले. काकूंनी तिसरा वाढला. बोलण्याच्या ओघात त्यांनी घराण्याचा इतिहासही वाढला. "आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. हा पण तसाच निघाला. बचपनपासून पडतो आणि उठून परत भिडतो. रडणं याला माहीतच नाही." त्या हे कौतुकाने सांगत होत्या आणि मीही हसून मान डोलावत होते.

संध्याकाळी त्यांनी आम्हाला सियागंजात पिटाळलं. हिंग हवा होता आणि पाणी तापवायला पितळी भांडं. सियागंज म्हणजे घाऊक बाजार. एका दुकानातून लाल मिरचीचा खकाणा येतो, शेजारी दोरखंड आणि खिळे, त्याच्या शेजारी साबणाची पोती. शिंकत शिंकत खरेदी झाली. परत निघालो तेव्हा तुषारला स्कूटर कुठे लावली ते आठवेना.

आधी आम्ही एका गल्लीत गेलो, मग दुसरीत, मग पुन्हा पहिलीत. तुषार भराभर चालत होता. "कोणीतरी सरकवली असेल, ताई. इथे असंच करतात लोक." मी दमले होते आणि हातातल्या भांड्याला शिव्या घालत होते. एका मसाल्याच्या दुकानातून मालकाने हाक मारली, "क्या भिया, आज फिर गाडी गुम?" (भिया म्हणजे इंदुरी भाऊ.)

त्या 'फिर'ने माझे पाय थांबले. स्कूटर आम्ही हिंग घेतला त्याच दुकानासमोर होती. तुषारने तिच्या सीटवर हात ठेवला आणि म्हणाला, "चला, तुम्हाला शिकंजी पाजतो."

शिकंजी म्हटल्यावर मला लिंबू-पाणी आठवलं. समोर आलं ते केशर आणि सुका मेवा घातलेलं घट्ट, गोड दूध. माझं तोंड बघून तुषार खो खो हसला. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं मोकळं हसू होतं. रग्बीबद्दल विचारलं तेव्हा मात्र तो गंभीर झाला. पावसात ओला झालेला चेंडू छातीशी कसा घ्यायचा, पाडताना आपलं डोकं समोरच्याच्या कोणत्या अंगाला ठेवायचं, हे त्याने ग्लास आणि चमचा मांडून मला समजावलं. "डोकं गलत बाजूला गेलं की बत्ती गुल," तो म्हणाला. किती वेळा गेलं, असं मी विचारलं. त्याने खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसाहतीतल्या बागेत चाचणी घेतली. गवतावर दव होतं, कडेच्या बाकावर दोन आजोबा पेपर वाचत होते. चाचणी साधीच असते. मी काही शब्द वाचून दाखवले: दोरी, पपई, खिडकी, म्हैस, चमचा आणि असेच आणखी काही. ते त्याने परत सांगायचे. महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायचे. एका पायावर डोळे मिटून उभं राहायचं.

तुषारने जिवाचा कान करून ऐकलं. कपाळाची शीर फुगली होती. म्हशीपर्यंत आला आणि अडकला. महिने ऑक्टोबरपर्यंत नीट आले, मग जुलै, मग सप्टेंबर. एका पायावर उभा राहताना तो माझ्याच अंगावर कलला, आणि त्या दोन आजोबांनी पेपर खाली केले.

मी मोबाइलमध्ये त्याचा गेल्या वर्षीचा निकाल काढला. जवळपास तसाच होता. मला हायसं वाटलं. "काही फरक नाही रे. गेल्या वर्षीइतकंच आहे."

तो खूश होईल असं वाटलं होतं. तो गवतावर बसला.

"ताई, गेल्या वर्षी मी जानबूझके चुकलो होतो."

मला आधी कळलंच नाही. मग त्याने सावकाश सांगितलं. "सगळेच चुकतात. सीझनच्या आधी गलत सांगायचं, वैसेच अडखळायचं. मग मॅचमध्ये डोकं आपटलं की डॉक्टर तेच परत विचारतात. तेव्हा खरंच आठवत नाही, पण नंबर सेम येतो ना. मग खेळू देतात. पहिल्याच कॅम्पमध्ये सीनियर लोक शिकवतात हे. नाही तर एका टक्करमध्ये जागा जाते, आणि जागा गेली की कोण विचारतो?"

"आणि आज?"

"आज सच्ची दिली. पूर्ण जोर लावून. गाडी गुम होते, नावं गुम होतात, म्हणून मी पुण्याला आलो नाही. मग वाटलं, एकदा बघूच, खरा किती आहे मी."

माझं सगळं शिक्षण दोन आकड्यांमधला फरक ओळखण्याचं, आणि इथे फरक शून्य होता. धडधाकट तुषार कसा होता याची नोंद कुठेच नव्हती. ती त्याने स्वतःच दर वर्षी नीट पुसली होती. मला त्याचा राग आला, त्याला हे शिकवणाऱ्यांचा आला, आणि घटकाभरापूर्वी हायसं वाटलेल्या माझाही आला.

मी म्हणाले, "हे मला संघाला सांगावं लागेल. तुला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेऊ. यंदा खेळायचं नाही."

त्याने बराच वेळ गवत उपटलं. "हे सोडून मला काही येत नाही, ताई," तो म्हणाला. मग डोळे पुसून म्हणाला, "ठीक आहे. तुम्ही म्हणाल तसं. आईला मी सांगतो." निघताना काकूंनी शेव आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) बांधून दिलं. तो मला स्टेशनवर सोडायला आला, या खेपेला बरोबर मुख्य दाराशी. गाडीत मला झोप लागली नाही, पण निदान वेळेवर कळलं, अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

पुण्यात संघाच्या मॅनेजरांनी दोन्ही निकाल शेजारी ठेवले. "बदल नाही. मग अडचण काय?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे तुषारला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"नाही सर," तुषार म्हणाला. "असं तर मी काही बोललोच नाही. चाचणी एकदम बढिया झाली. मग ताईंना शिकंजी पाजली. ताई आहेत का तिकडे? नमस्ते सांगा त्यांना."

त्याच्या तंदुरुस्तीच्या दाखल्यावर मी सही केली नाही. दुसऱ्या कोणीतरी केली. पुढच्या आठवड्यात तुषार सरावाला येतो आहे.

इंदूर कसं वाटलं, असं लोक विचारतात, आणि मी स्वच्छतेबद्दल, बाफल्यांबद्दल सांगते. फोनवरचा त्याचा आवाज मात्र कानातून जात नाही. तो आवाज अडखळला नाही, चोरटा झाला नाही, उलट माया होती त्यात. तुषार धडधडीत खोटं बोलला असावा, बागेतलं बोलणं खरंच विसरला नसावा, एवढीच माझी आता प्रार्थना आहे.